अमली पदार्थांच्या बाजारात कोणी कोणाचे नसते

(महाविद्यालयीन विद्यार्थी व पालक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘तरुण पिढी आणि व्यसने’ या विषयावर मी बोलावे, असे संयोजकांनी सुचविले. या विषयावरची भाषणे तुम्ही शाळेपासून ऐकत आला आहात. भित्तिपत्रकावरची कवटी, काळ्या पडलेल्या फुप्फुसाचे चित्र, शेवटी सामूहिक शपथ आणि मग चहा. मी त्या कार्यक्रमांची थट्टा करीत नाही; ते करणाऱ्यांची तळमळ खरी असते. परंतु इतकी वर्षे वृत्तपत्रात काढल्यावर माझे असे मत झाले आहे की, व्यसनाविषयी आपण पुष्कळ बोलतो आणि व्यसनाच्या व्यापाराविषयी फारच थोडे. घेणारा आपल्याला दिसतो, कारण तो डोळ्यांदेखत कोसळतो. विकणारा दिसत नाही. दिसलाच तर चित्रपटात दिसतो, आणि तेथे तो बहुधा नायकापेक्षा रुबाबदार असतो.

म्हणून आज एका विकणाऱ्याचीच हकिगत सांगणार आहे. माणूस अमेरिकेतला आहे आणि हयात आहे. आपल्याकडचा का नाही, असे कोणी विचारील. आपल्याकडे असे प्रकरण उघडकीस आले की पोलिसांचे प्रसिद्धिपत्रक निघते, दोन दिवस मथळे येतात, आणि पुढे खटल्याचे काय झाले हे बहुतेक वाचकांना कधीच कळत नाही. या माणसाचे आयुष्य मात्र न्यायालयीन कागदपत्रांतून आणि वृत्तपत्रांतून पूर्ण उघडे पडलेले आहे. त्याचेच नव्हे, तर त्याला माल पुरविणाऱ्याचेही. साखळीच्या दोन कड्या शेजारी शेजारी ठेवून पाहायला मिळणे, हे क्वचित घडते.

त्याचे नाव रिकी डॉनेल रॉस. जन्म १९६० सालचा, टेक्सास राज्यातील ट्रूप या लहानशा गावातला. तो लहान असतानाच आई त्याला घेऊन लॉस एंजेलिसला आली आणि शहराच्या दक्षिणेकडील कृष्णवर्णीयांच्या गरीब वस्तीत तो वाढला. हार्बर फ्रीवे नावाचा मोठा द्रुतगती महामार्ग या वस्तीतून जातो. पुढे पैसा आल्यावर त्या महामार्गालगत त्याने मालमत्ता घेतल्या आणि ‘फ्रीवे रिक’ हे नाव त्याला चिकटले ते कायमचे.

मुलगा टेनिस उत्तम खेळत असे. आजूबाजूची मुले टोळ्यांत सामील होत होती, तेव्हा हा चेंडू आणि रॅकेट घेऊन मैदानावर असे. डॉर्सी हायस्कूलच्या संघात तो चमकला. खेळाच्या जोरावर शिष्यवृत्ती मिळेल, महाविद्यालयात जाता येईल, वस्तीतून बाहेर पडता येईल, ही आशा अवास्तव नव्हती. ती एका कारणाने संपली. मुलाला लिहिता-वाचता येत नव्हते.

मित्रहो, येथे क्षणभर थांबा. हायस्कूलच्या शेवटच्या वर्गापर्यंत पोहोचलेला, संघातला नावाजलेला खेळाडू, आणि त्याला साधे वाक्य वाचता येत नाही. एकामागून एक वर्ग त्याला पुढे ढकलीत गेला. मुलगा शांत आहे, त्रास देत नाही, खेळात शाळेचे नाव काढतो. मग कशाला खोलात जा? असाच तो सगळा प्रकार असणार. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशात हे घडले, म्हणून आपण बोटे मोडण्याचे कारण नाही. वरच्या वर्गात गेलेल्या पण खालच्या वर्गाचे पुस्तक न वाचता येणाऱ्या मुलांच्या बातम्या आपल्याकडेही दरवर्षी छापून येतात. अशा मुलाचे पुढे काय होते, हे मात्र त्या बातम्यांत नसते.

रॉस मग लॉस एंजेलिसच्या एका व्यवसायशिक्षण देणाऱ्या महाविद्यालयात गेला. तेथेही तो टेनिस खेळला आणि पुस्तकबांधणी शिकला. अक्षर न ओळखणारा मुलगा पुस्तके बांधायला शिकत होता! एखाद्या कादंबरीकाराने हे लिहिले असते तर आपण त्याला अतिशयोक्तीचा दोष दिला असता. खिशात पैसा नव्हता. चोरीच्या मोटारींचे सुटे भाग विकण्याच्या उद्योगात तो ओढला गेला. आणि १९७९ च्या अखेरीच्या सुमारास ओळखीच्याच माणसांनी त्याला पहिल्यांदा कोकेन दाखविले.

‘ओळखीच्याच’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. रात्रीच्या अंधारात कोणी अनोळखी, भयानक चेहऱ्याचा माणूस आला नाही. या धंद्याचे आमंत्रण बहुतेक वेळा मित्राच्या तोंडून येते आणि तेही उपकाराच्या भाषेत येते. ‘तुझी अडचण आहे ना, मग एवढे कर.’

पुढच्या सात-आठ वर्षांत जे घडले, त्याचे आकडे डोळे दिपवणारे आहेत, आणि मी ते लपविणार नाही. लपवून काय साधणार? तुमच्या हातातल्या मोबाइलवर ते पाच सेकंदांत सापडतील. १९८२ ते १९८९ या काळात रॉसने अनेक टन कोकेन विकत घेऊन पुढे विकले, असा सरकारी पक्षाचा अंदाज होता. भरभराटीच्या काळात एका दिवसाची उलाढाल वीस-तीस लाख डॉलरपर्यंत जात असे, असे तो स्वतः सांगतो. लॉस एंजेलिसपासून निघालेला त्याचा माल दूरदूरच्या शहरांत पोहोचत होता. १९८७ मध्ये केवळ त्याला पकडण्यासाठी पोलिसांनी खास पथक नेमले.

हे त्याला कसे जमले? बंदुकीच्या जोरावर नव्हे. त्याला व्यापार कळत होता. माणसे जोडता येत होती, बोलणे गोड होते, शब्द पाळण्याची ख्याती होती. अंगावर सोने नाही, भपका नाही. भाव कमी ठेवायचा, नफा थोडा घ्यायचा आणि खप वाढवायचा, हे किराणा दुकानदाराचे साधे गणित त्याने विषाच्या व्यापाराला लावले. त्याच सुमारास कोकेनच्या पावडरीपासून केलेले ‘क्रॅक’ नावाचे खडे बाजारात आले होते. कोकेन हे तोपर्यंत श्रीमंतांचे आणि चित्रपटसृष्टीतल्यांचे व्यसन समजले जाई. क्रॅकने ते गरिबाच्या खिशाला परवडेल एवढ्या लहान तुकड्यांत आणून ठेवले. त्याचा अंमल क्षणात चढतो, थोड्याच वेळात उतरतो, आणि उतरला की माणूस पुन्हा दाराशी येतो. विकणाऱ्याच्या दृष्टीने यापेक्षा ‘चांगले’ गिऱ्हाईक कोणते?

ते गिऱ्हाईक होते त्याच्याच वस्तीतले. त्याच्या शाळेतले, त्याच्या गल्लीतले. ज्या आया मुलांना सोडून क्रॅकच्या मागे लागल्या आणि ज्या आज्यांनी मग ती मुले वाढविली, त्या त्याला नावाने ओळखणाऱ्या होत्या. रॉसच्या जीवनावर पुस्तक निघाले, माहितीपट निघाला. त्या आज्यांवर कोणी चित्रपट काढल्याचे माझ्या ऐकिवात नाही. विकणाऱ्याची गोष्ट सांगताना हा अन्याय नेहमीच होतो. आज माझ्याकडूनही तो थोडाफार होणार आहे, याची मला जाणीव आहे.

आता साखळीतल्या वरच्या कडीकडे वळतो. रॉसला एवढा स्वस्त आणि एवढा अखंड माल देत कोण होते? दानिलो ब्लँडॉन नावाचा निकाराग्वाचा एक गृहस्थ. खानदानी जमीनदार घराण्यातला, विपणनशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतलेला, आपल्या देशात सरकारी अधिकारपदावर काम केलेला. १९७९ मध्ये तेथे डाव्या सँडिनिस्टांनी सत्ता घेतली आणि हा अमेरिकेत पळून आला. सँडिनिस्टांविरुद्ध लढणाऱ्या ‘काँट्रा’ बंडखोरांसाठी पैसा उभा करण्याच्या खटपटीत आपण या धंद्यात पडलो, असे त्याने पुढे न्यायालयात शपथेवर सांगितले. या बंडखोरांच्या पाठीशी अमेरिकेची गुप्तचर संघटना सीआयए होती, हे सर्वश्रुत आहे.

गॅरी वेब या वार्ताहराने १९९६ च्या ऑगस्टमध्ये सॅन होजे येथील ‘मर्क्युरी न्यूज’ या दैनिकात हे सगळे उजेडात आणले. त्यावर मोठे वादळ उठले. देशातली मोठमोठी वृत्तपत्रे वेबच्याच मागे लागली. त्याच्या लेखमालेतल्या निष्कर्षांवर त्यांनी कठोर टीका केली, आणि अखेर त्याच्या स्वतःच्या संपादकानेही हात आखडता घेतला. सीआयएच्या महानिरीक्षकाने १९९८ मध्ये अहवाल दिला. लॉस एंजेलिसमध्ये कोकेन आणण्यात संघटनेचा हात असल्याचा पुरावा नाही, असे त्यात म्हटले. पण अमली पदार्थांच्या व्यापाराचा संशय असलेल्या लोकांशी संघटनेने संबंध तोडले नाहीत, हेही त्यातून बाहेर आले. वेबला पुन्हा मोठ्या दैनिकात काम मिळाले नाही. २००४ च्या डिसेंबरमध्ये त्याने आत्महत्या केली. माझ्या व्यवसायातला माणूस म्हणून त्याच्याविषयी बोलताना मला अडखळायला होते. ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने १९९४ मध्ये रॉसला क्रॅकच्या साथीचा सूत्रधार म्हणून रंगविले होते आणि दोनच वर्षांनी, वेबची लेखमाला आल्यावर, त्याच वार्ताहराच्या लेखणीतून रॉस हा अनेकांतला एक होता असे छापले. वृत्तपत्रे वाचताना हेही ध्यानात असू द्या.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते पुढचे. रॉसला १९८९ मध्ये अटक झाली. ओहायो राज्यातील सिनसिनाटी शहरात त्याने धंदा पसरविला होता, त्या प्रकरणात त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. लॉस एंजेलिसच्या पोलीस दलातले काही अधिकारी धाडीतला पैसा स्वतःच्या खिशात घालीत होते. त्यांच्याविरुद्ध साक्ष दिल्यामुळे रॉसची शिक्षा कमी झाली आणि १९९४ मध्ये तो बाहेर आला. पैसा गेला होता. वस्तीतले एक जुने नाट्यगृह मुलांसाठी दुरुस्त करावे, अशी खटपट त्याने सुरू केली. वय चौतीस. अजून वेळ गेलेली नव्हती.

आणि तेव्हा ब्लँडॉनचा निरोप आला. जुना मित्र. ज्याच्यामुळे आपण मोठे झालो असे रॉसला वाटत होते, तो माणूस. मोठा माल आहे, गिऱ्हाईक पाहून दे, असा आग्रह. रॉस आधी टाळत होता, मग तयार झाला. मार्च १९९५ मध्ये सॅन दिएगोजवळ शंभर किलो कोकेनच्या व्यवहारासाठी तो गेला आणि तेथे पोलीस त्याची वाटच पाहत होते.

ब्लँडॉन स्वतः १९९२ मध्ये पकडला गेला होता. त्याच्यावर जन्मठेपेची टांगती तलवार होती. त्याने सरकारशी सौदा केला, सव्वादोन-अडीच वर्षांत बाहेर आला आणि अमेरिकेच्या अमली पदार्थ विरोधी यंत्रणेचा पगारी खबऱ्या झाला. या कामासाठी त्याला एक लाख सहासष्ट हजार डॉलरहून अधिक रक्कम देण्यात आली, हे न्यायालयासमोर आलेले आहे. आणि रॉसला? नोव्हेंबर १९९६ मध्ये जन्मठेप. तीही सुटकेची आशा नसलेली, कारण आधीचे दोन गुन्हे नावावर होते आणि तिसऱ्याला कायद्यात दुसरी शिक्षाच नव्हती.

विपणनशास्त्राचा पदवीधर मोकळा आणि निरक्षर मुलगा मरेपर्यंत आत. मी कला शाखेचा पदवीधर आहे, कायद्याचा नव्हे. हा न्याय की अन्याय याची चर्चा वकील मंडळींनी करावी. रॉस निर्दोष होता असे मी मुळीच म्हणत नाही. शंभर किलोच्या सौद्याला तो स्वतःच्या पायांनी गेला होता. मला तुम्हाला दाखवायची आहे ती या बाजाराची रीत. पोलीस पकडतात तेव्हा प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला जातो: ‘आम्हाला देण्यासाठी तुझ्याजवळ कोण आहे?’ वरच्या माणसाजवळ द्यायला खालची दहा माणसे असतात. सगळ्यांत खालच्याजवळ कोणीच नसते. त्यामुळे या धंद्यात जो सर्वांत शेवटी येतो, सर्वांत कमी कमावतो आणि सर्वांत कमी जाणतो, त्याच्या वाट्याला बहुधा सर्वांत जड शिक्षा येते.

शिक्षेचे तारतम्यही त्या काळी विचित्र होते. १९८६ च्या जून महिन्यात लेन बायस नावाचा बावीस वर्षांचा बास्केटबॉलपटू कोकेनच्या सेवनाने मरण पावला. व्यावसायिक संघात निवड होऊन त्याला दोनच दिवस झाले होते. देश हादरला आणि त्याच वर्षी अमेरिकी संसदेने घाईघाईने कायदा केला. पाचशे ग्रॅम कोकेन पावडरीला जी किमान पाच वर्षांची कैद, तीच फक्त पाच ग्रॅम क्रॅकला. पावडर मुख्यतः गोऱ्या श्रीमंतांची, क्रॅक काळ्या गरिबांचे. शंभरास एक हे प्रमाण २०१० मध्ये अठरास एक इतके खाली आणले गेले. मधल्या चोवीस वर्षांत किती तरुण आत गेले असतील, याचा विचार करा.

आता त्या तुरुंगातल्या खोलीकडे या. पहिल्या अटकेनंतर, वयाच्या अठ्ठाविसाव्या-एकोणतिसाव्या वर्षी, रॉस वाचायला शिकला. ज्या वयात आपल्याकडचा मुलगा बहिणीच्या लग्नाची किंवा घराच्या हप्त्याची काळजी करीत असतो, त्या वयात हा मुळाक्षरांपासून सुरुवात करीत होता. मग मात्र त्याने सोडले नाही. तीनशेहून अधिक पुस्तके आपण तुरुंगात वाचली, असे तो सांगतो. जन्मठेप झाल्यावर तो तुरुंगाच्या ग्रंथालयात कायद्याची पुस्तके घेऊन बसू लागला आणि तेथे त्याला एक गोष्ट सापडली. त्याच्या नावावरचे आधीचे दोन गुन्हे, एक ओहायोतला आणि एक टेक्सासमधला, हे मुळात एकाच कटाचे भाग होते. मग ते दोन कसे मोजले? एकच मोजला तर तिसऱ्या गुन्ह्याची जन्मठेप लागू होत नाही. त्याच्या वकिलाला हा मुद्दा टिकेल असे वाटत नव्हते. १९९८ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो मान्य केला. जन्मठेपेची वीस वर्षे झाली आणि २९ सप्टेंबर २००९ रोजी टेक्सारकाना येथील तुरुंगातून तो बाहेर पडला.

जी विद्या त्याला सोळाव्या वर्षी टेनिसच्या शिष्यवृत्तीपर्यंत नेऊ शकली असती, तिनेच त्याला अडतिसाव्या वर्षी जन्मठेपेतून सोडविले. मधल्या काळातल्या कोट्यवधी डॉलरांचा यासाठी काही उपयोग झाला नाही. ते डॉलर तोपर्यंत उरलेच नव्हते.

त्याचा जमाखर्च आपण मांडू. धंद्याची वर्षे साधारण आठ-नऊ. तुरुंगाची वर्षे दोन्ही वेळची मिळून जवळजवळ एकोणीस. आत गेला तेव्हा एकोणतीस वर्षांचा, कायमचा बाहेर आला तेव्हा एकोणपन्नासचा. मुले या काळात बापाशिवाय वाढली. ज्या वस्तीतून बाहेर पडण्यासाठी हे सगळे केले, तीच वस्ती त्याच्या मालाने पोखरलेली.

त्याच्या नावाचेही पाहा. तो तुरुंगात असताना एका रॅप गायकाने ‘रिक रॉस’ हेच नाव घेऊन अमली पदार्थांच्या सम्राटाची गाणी गायिली आणि तो लक्षाधीश झाला. खऱ्या रॉसने २०१० मध्ये दावा लावला; न्यायालयांनी तो फेटाळला. गंमत अशी की, हा गायक तरुणपणी तुरुंगात पहारेकऱ्याची नोकरी करीत असे! गजाआड होता त्याच्या नावावर पैसे कमावले गजाबाहेर उभ्या राहणाऱ्याने. आपली मुले जी गाणी कानात घालून फिरतात, त्यांतला ‘थरार’ असा दुसऱ्याच्या जन्मठेपेतून उसना घेतलेला असतो.

आज रॉस शाळा-महाविद्यालयांतून, बालसुधारगृहांतून मुलांशी बोलतो. वाचायला शिका, हे त्याचे पहिले सांगणे असते. त्याने २०१४ मध्ये आत्मचरित्र प्रसिद्ध केले. त्याला संत ठरविण्याची मात्र मला घाई नाही. कॅलिफोर्नियात गांजाची विक्री कायदेशीर झाल्यावर तो त्या व्यवसायात उतरला. कायद्याने मुभा आहे हे खरे. पण क्रॅकची राख पाहिलेल्या माणसाने पुन्हा नशेच्याच मालाकडे वळावे, हे मला पटत नाही. तरीही त्याचा इशारा खोटा ठरत नाही. विहिरीत पडून वर आलेला माणूस विहिरीची खोली सांगतो, तेव्हा त्याचे चारित्र्य तपासत बसण्यापेक्षा खोली ऐकून घ्यावी.

आता तुमच्या-माझ्या घराकडे येऊ. अमेरिकेत बायस गेला त्याच १९८६ साली, ऑगस्टमध्ये, पुण्यात डॉ. अनिल आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांचे त्यामागे साहाय्य होते. म्हणजे गर्दची पुडी तेव्हाच आपल्या दाराशी आलेली होती. आज गर्दबरोबर मेफेड्रोन आहे, ज्याला मुले ‘एमडी’ म्हणतात. हे बाहेरच्या देशातून चोरून आणावे लागत नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातील कुरकुंभ औद्योगिक वसाहतीतला कारखाना उघडकीस आणला, तेव्हा शेकडो किलो मेफेड्रोन सापडले. जेथे आपले नातेवाईक नोकरीला जातात, तशाच एका वसाहतीत हे शिजत होते.

हा माल कारखान्यातून वसतिगृहापर्यंत कोण आणतो? काळा चष्मा घातलेला खलनायक आणत नाही. दुचाकी असलेला, शिकवणीचे शुल्क थकलेला, मित्राला ‘नाही’ म्हणता न येणारा एखादा मुलगा आणतो. म्हणून कायद्यातल्या चार गोष्टी तुम्हाला ठाऊक असायलाच हव्यात.

आपला अमली पदार्थविषयक कायदा १९८५ चा आहे. यात पैसे घेऊन विकले तरच गुन्हा, असे नाही. जवळ बाळगणे, नेणे, मित्राला देणे हे सगळे त्यात येते. मेफेड्रोन दोन ग्रॅमपेक्षा कमी असेल तर ते ‘अल्प प्रमाण’. पन्नास ग्रॅमच्या पुढे गेले की ते व्यापारी प्रमाण ठरते आणि त्याला किमान दहा, कमाल वीस वर्षे सक्तमजुरी आणि किमान एक लाख रुपये दंड आहे. पन्नास ग्रॅम म्हणजे किती, हे घरी गेल्यावर आईच्या वजनकाट्यावर साखर ठेवून पाहा. शिवाय मालात भेसळ असली तरी भेसळीसकट सगळे वजन धरले जाते, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निर्णय आहे. व्यापारी प्रमाणात जामीन मिळणे अत्यंत कठीण. आरोपी निर्दोष असावा असे मानायला आधार आहे, आणि तो पुन्हा गुन्हा करणार नाही, अशी न्यायालयाची खात्री पटावी लागते. खटला उभा राहीपर्यंतची वर्षे आत जाऊ शकतात. आणि ‘पिशवीत काय आहे ते मला ठाऊक नव्हते’ हे म्हणणे पुरत नाही. ठाऊक होते, असे कायदा गृहीत धरतो. नव्हते हे सिद्ध करण्याचे ओझे मुलावर येते.

म्हणून कोणी पार्सल पोहोचव म्हटले, खोलीवर दोन दिवस पिशवी ठेव म्हटले, तुझ्या बँकखात्यावर पैसे येऊ दे म्हटले, तर तेथेच उठून घरी या आणि वडिलांना सांगा. आणि वडीलधाऱ्या मंडळींनो, मुलाने हे सांगितले तर पहिल्या वाक्याला हात उगारू नका. तो सांगायला आला आहे, म्हणजे अजून तो तुमचा आहे.

ज्या घरात मुलगा आधीच या पदार्थाच्या आहारी गेला आहे, त्या घराला बदनामीइतकीच पोलिसांची भीती वाटते आणि म्हणून गोष्ट दडविली जाते. त्यांच्यासाठी याच कायद्यात ६४-अ हे कलम आहे. अल्प प्रमाणाच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यात सापडलेली व्यसनाधीन व्यक्ती स्वेच्छेने सरकारी वा सरकारमान्य केंद्रात उपचार घेत असेल, तर तिच्यावर खटला चालविला जात नाही. उपचार अर्ध्यावर सोडले तर हे संरक्षण काढून घेता येते, म्हणून ते पुरे करावे लागतात. केंद्र सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्तीची निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे. विक्रीची माहिती नाव न सांगता द्यायची असेल तर १९३३ हा अमली पदार्थ नियंत्रण विभागाचा क्रमांक आहे.

आता मी थांबतो. प्रश्नांसाठी संयोजकांनी अर्धा तास राखून ठेवला आहे. सभेत उठून विचारणे ज्यांना अवघड वाटेल, त्यांनी चिठ्ठीवर लिहून द्यावे. चिठ्ठीवर नाव घालण्याची आवश्यकता नाही.